बंदूक दुरुस्तीची ‘लूट’ आणि कारागिराची मजुरी

लांजा-राजापूरपासून कणकवलीपर्यंतच्या बागायतदारांत एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचं निप्पल (जिच्यावर टोपी बसवून बार उडवतात ती छोटी तोटी) बदलणं हे पाच मिनिटांचं काम, पैसे मात्र गड्याच्या दिवसाच्या मजुरीएवढे, दुकानदाराला सरकारने लुटायचाच परवाना दिलाय, आतली पोरं शिकाऊ, त्यांना पगार कसला, त्यापेक्षा गावचा लोहार बरा. माझ्याकडेही ठासणीची बंदूक आहे, दुरुस्तीचे पैसे मलाही जड जातात. तरी हा मेसेज पटत नाही.

‘पाच मिनिटांचं काम.’ एक पावसाळा घरात उभी राहिलेली बंदूक आठवा. खाऱ्या हवेत निप्पलचे आटे गंजून बसतात. त्याला हात लावण्याआधी परवाना बघायचा, बंदुकीवरचा नंबर ताडून घ्यायचा, वहीत नोंद करायची. मग नळीत गज घालून आत जुना बार, म्हणजे भरलेली दारू, राहिलाय का ते तपासायचं, कारण ‘रिकामीच आहे हो’ असं प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं आणि कारागिराने त्यावर विसंबायचं नसतं. मग तेल सोडून थांबायचं, कधी रात्रभर. घाईने जोर लावला तर निप्पल आतच तुटतं आणि मग ते कोरून काढावं लागतं. आपण बघतो ती शेवटची पाच मिनिटं.

‘लुटायचा परवाना.’ काही दुकानांचे दर अवाच्या सवा असतात, हे खरं. पण त्यातले कारागिराच्या हातात किती पडतात, हे कोणी विचारलंय का? बरेच जण नगावर काम करतात. बंदूक आली तर पैसे. आता निवडणूक बघा. त्या काळात परवान्यांची छाननी होते, त्यात सूट मिळाली नाही तर बंदुका पोलीस ठाण्यात जमा. 2024 मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान 7 मे रोजी झालं, ऐन आंब्यात, माकडं बागेत शिरतात तेव्हा. विधानसभेचं 20 नोव्हेंबरला. आपण आरडाओरडा केला तो बागेसाठी, आणि तो योग्यच होता. पण बंदूक ठाण्यात असते तेव्हा नगावरच्या कारागिराची चूलही थंड असते. नंतर गंज धरलेल्या बंदुका एकदम येऊन पडतात, प्रत्येकाला आपली उद्याच हवी असते, आणि तोच माणूस रात्री उशिरापर्यंत बसतो. जादा तासांना दुप्पट दर द्यावा, असं कायदा म्हणतो. नगावरच्या माणसाचे तास मोजतो कोण? त्याला बिनकामाच्या दिवसांत निदान ठरावीक पगार मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी दुरुस्तीचा दर थोडा चढला तर तो मी देईन. लूट म्हणायचीच तर ती दर चढून मजुरी तिथेच राहते तेव्हा.

‘शिकाऊंना पगार कसला?’ हा सगळ्यात वाईट मुद्दा. शिकाऊ उमेदवारीचा 1961 चा कायदा आहे. त्यात नोंदवलेला करार लागतो, विद्यावेतन लागतं. दोन्ही नसेल तर तो पोरगा कामगारच, आणि किमान वेतन दुकानात एकटा माणूस असला तरी द्यावं लागतं. त्याहून कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगार, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच, आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलंय. वर्षानुवर्षं दस्ते घासणारा माणूस ‘शिकाऊ’ कसा राहतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. बरं, ईएसआयसाठी, म्हणजे कामगार विम्यासाठी, दहा माणसं लागतात, पीएफसाठी वीस. या दुकानांत असतात दोन-तीन. ग्राइंडरची ठिणगी डोळ्यात गेली किंवा नळी काळी करताना उकळतं कॉस्टिक अंगावर उडालं, तर दवाखान्याचा खर्च बहुधा त्याच्याच खिशातून. चष्मा, हातमोजे आणि हवा खेळती राहील अशी खिडकी, एवढं द्यायला तरी दुकानदाराला कायद्याची वाट बघायला नको.

‘गावचा लोहार.’ परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. ज्याने ती त्याच्या हाती दिली, त्याच्यासाठी त्याच कायद्यात कलम 29 आहे.