श्यामा आणि लाइट

आमच्या वेळी सोलापुरात पोरगा वाया गेला हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या होत्या. तो पार्क चौकात उगाच उभा राहतो, केस कानावर सोडतो, नाहीतर काकोडकरांच्या शृंगारिक कादंबऱ्या वाचतो. पहिल्या दोन गुन्ह्यांना पाठीत एक धपाटा खाल्ला की सुटका व्हायची. तिसऱ्याचं नाव निघालं की मोठी माणसं एकदम हळू आवाजात बोलायला लागत, घरात कुणाला टायफॉइड झाल्यासारखी.

आमची आत्या तर चंद्रकांत काकोडकर हे नाव तोंडातून काढायचीच नाही. ‘तो’ म्हणायची. राज खोसलांचा ‘दो रास्ते’ बघून हीच आत्या पदर भिजेपर्यंत रडली होती. तो सिनेमा ‘त्याच्याच’ ‘निलांबरी’वर काढलेला होता, हे तिला कुणी सांगितलं नाही. मला पुढं कळलं, तरी मीही सांगितलं नाही. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याचे पैसे तीच द्यायची.

काकोडकरांच्या ढीगभर कादंबऱ्यांत आम्हाला हवी होती ‘श्यामा’, कारण तिच्यावर खटला झाला होता. आमच्या वर्गात त्या खटल्याची हकिकत अशी होती : लेखकाला बेड्या घालून नेलं, पुस्तकं चौकात पेटवली आणि वाचता वाचता न्यायाधीशालाच घाम फुटला. खरी गोष्ट एवढीच, की 1962 च्या दिवाळीत ‘रंभा’ मासिकात कथा आली, एका गृहस्थांनी अश्लीलतेची फिर्याद केली, खालच्या कोर्टानं सोडलं आणि हायकोर्टानं दोषी धरून दंड ठोकला, 25 रुपये. तेवढ्यात तेव्हासुद्धा कुणी धड बदनाम होत नव्हतं. हा आकडा आम्हाला आधी कळला असता तर पुढची सगळी यातायात वाचली असती.

नवी पेठेच्या मागच्या बोळात भाड्यानं पुस्तकं देणारं एक वाचनालय होतं. मालकाच्या पाठीमागं एक कपाट आणि कपाटाला पडदा. चांदोबा, गुलबकावली, हेरकथा वगैरे पडद्याच्या बाहेर. आत काय आहे विचारलं की मालक म्हणायचा, “वडलांना पाठीव.” शेवटी माझ्या बाकावरच्या मित्राचा चुलता कामाला आला. त्याचं तिथं खातं होतं आणि तो पुस्तक उशीखाली ठेवून सेकंड शिफ्टला जायचा.

पुस्तक हातात आलं ते खाकी कव्हरात. जाड दोऱ्यानं बाइंडिंग करणाऱ्यानं भोकं इतकी आत पाडली होती की प्रत्येक ओळीच्या टोकाचा एखादा शब्द शिवणीत गडप. नायक श्यामाचा हात धरतो आणि मग काय करतो, ते दोऱ्याच्या पलीकडं. समासात पेन्सिलनं लिहिलेलं, ‘पान 61 पाहा’. पान 61 वर ‘पान 18 पाहा’. पान 18 वर ‘पान 94 पाहा’. आणि 94 वर ठसठशीत अक्षरात, ‘काय बघतो बे गाढवा, अभ्यास कर’. मग आम्ही अनुभवी वाचकांची खूण शोधली. ज्या पानांवर शेंगाचटणीच्या तेलाचे अंगठे जास्त, ती पानं महत्त्वाची. काही पानं तर पार आरपार दिसायला लागली होती.

वाचायचं कुठं, हा खरा घोर. घरी दीड खोली, माणसं सात. सिद्धेश्वर तळ्याच्या काठी बसावं तर प्रत्येक भाविक नेमका वडलांच्या ओळखीचा. म्हणून आम्ही मित्राच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे अशोक चौकाकडं पत्र्याखाली टॉवेलचे माग, आणि त्यांचा असा खडखडाट की शेजारच्याला शिवी दिली तरी तो मान डोलावतो. याहून सुरक्षित जागा सोलापुरात नव्हती. मित्राच्या घरी तेलुगू, मराठी वाचायचा कंटाळा. त्यामुळं मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं. तेही साधं मोठ्यानं नव्हे, मागावर मात करून. बेंबीच्या देठापासून ओरडत मी एका नाजूक प्रसंगात शिरलो, नायिकेच्या ओठांपर्यंत पोचलो, आणि लाइट गेली.

सगळे माग एका झटक्यात बंद. धोटे जागच्या जागी. आणि त्या शांततेत पत्र्याला आपटून परत आला तो फक्त माझा आवाज, चुंबनासकट. कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या आजीनं चष्मा वर केला. मित्र बीमच्या मागं गेला तो दिसेना. मी पुस्तक शर्टात कोंबत होतो, तेवढ्यात एक वयस्क विणकर तंबाखू मळत म्हणाले, “थांबलास का बे? वाच की.”

मग लाइट येईपर्यंत वाचावंच लागलं. मधे मी दोन ओळी गाळल्या तर ते विणकर लगेच म्हणाले, “तुटला धागा. मागं घे.” नायक निशिकांत हा कवी. आधी नीला, मग वनिता, मग श्यामा. नेमकं काय होतंय म्हणून सगळे पुढं सरकत आणि नायक उसासा टाकून विचारात पडे. माझे कान तापलेले, पण त्या पानांत कान तापण्यासारखं फारसं काही निघेना. शेवटी विणकर वैतागले. “हा कामाला कवा जातो?”

“मास्तर आहे,” मी म्हणालो. “नंतर रेडिओवर.”

“मग ह्याला येवढा टाइम कसा गावतो?”

पुढं बऱ्याच वर्षांनी सुप्रीम कोर्टाचा 1969 चा निकाल वाचला. काकोडकर सुटले, पण सुटले ते असे, की लेखकानं म्हणावं, त्यापेक्षा 25 रुपये भरले असते. कथा साहित्य म्हणून फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाची समज कच्ची असेल, हाती घेतलेल्या विषयाचं ज्ञानही अपुरं असेल, पण अश्लील काही नाही, असा त्याचा मथितार्थ. कोवळ्या वयाच्या वाचकांचाही विचार कोर्टानं केला होता. तेही बिघडणार नाहीत म्हणे. आमच्या कारखान्यात हा खटला लाइट येईपर्यंत निकालात निघाला होता, तोही वकिलाशिवाय.

लाइट आली, माग सुरू झाले. आजी तेलुगूत काहीतरी बोलली आणि मित्र बीममागून हसत बाहेर आला. काय म्हणाली ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. विणकरांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि परत देताना माझ्या कानात ओरडले, “उद्या दुसरं आण. पण त्यातला गडी जरा कामाधंद्याचा बघ!”