‘होतंय की मालक!’ अहो, होत नाही म्हणून तर बोंब आहे

बेळगावात घर बांधणाऱ्याला हल्ली हॉलमध्ये गोल जिना हवाच असतो. लोखंडी बाजू, सागवानी पायऱ्या, खाली कुंडी. मोबाइलवरचा फोटो फॅब्रिकेटरपुढे, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्यापुढे धरायचा, त्यानं दोन बोटांनी तो मोठा करून बघायचा आणि म्हणायचं, “होतंय की मालक.” कन्नडमधून विचारलंत तर “आगतैति बिडरी.” दोन्ही भाषांत अर्थ एकच: माप कुणीच काढलेलं नाही.

आधी जागेचं बघा. मजल्याची उंची ३१७५ मिलिमीटर धरली, म्हणजे दहा फूट पाच इंच, तर १८ चढ होतात, एकेक चढ १७६ चा (पुढची सुटी मापंही मिलिमीटरमध्येच). पायऱ्या १७, अठरावं पाऊल वरच्या फरशीवर. हा जिना अर्ध्या वर्तुळात बसवायचा आणि रुंदी एक मीटर ठेवायची, तर आतली त्रिज्या ९०० आणि बाहेरची १९०० लागते. तेव्हा कुठे मधोमध पाऊल ठेवायला २५९ मिळतात. आतल्या कडेला १६६, बाहेरच्या कडेला ३५१. जागा जाते साडेबारा फूट बाय सव्वासहा फूट. आणि मालकांकडे असतात आठ फूट. “आठात बसवा की!” बसवा. रुंदी ९०० वर आणली तरी मधोमध १४२ मिलिमीटर, साडेपाच इंच. आतल्या कडेला तर साठसुद्धा नाहीत. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घरातल्या जिन्याला किमान २५० सांगितलेत, ते काय शोभेला? घरातल्या आजींनी त्यावरून तिरकं उतरायचं, भिंत धरत, आणि पाहुण्यांनी म्हणायचं, काय सुंदर जिना!

उंची मोजायचीही एक तऱ्हा. कच्च्या जमिनीवरून कच्च्या स्लॅबपर्यंत टेप लावतात. नंतर फरशीवाला येतो, खाली माल आणि टाइल मिळून ५० मिलिमीटर चढवतो, वरही तेवढंच. झालं! पहिली पायरी १२६ ची, शेवटची २२६ ची, मधल्या सगळ्या १७६ च्या. पाय सवयीनं उचलला जातो, डोळे बघत नसतात, आणि माणूस शेवटच्या पायरीला ठेचकाळतो. माप तयार फरशी ते तयार फरशी घ्यायचं, हे सांगायला इंजिनिअर लागतो का? फरशी अजून झाली नसेल तर निदान भिंतीवर लेव्हल ट्यूबनं, म्हणजे पाणी भरलेल्या नळीनं खूण मारा आणि फरशीवाल्याला ती दाखवा.

आता खरी चीड येते तिथे येऊ. रोलिंग, म्हणजे लोखंड रोलरमधून काढून गोल वाकवणं.

बाजूची प्लेट १२ मिलिमीटर जाड, ३०० रुंद. बाहेरच्या बाजूची जमिनीवरची गोलाई मोजली तर ५९७० भरते. पण ती प्लेट जमिनीवर झोपलेली नसते, २७ अंशांनी वर चढत जाते. तिची खरी लांबी ६६८०. आमचे लोक ५९७० कापून आणतात आणि वर गेल्यावर ७०० मिलिमीटरचं खिंडार बघून एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग तुकडा जोडायचा, वेल्ड घासायचं, वर पुट्टी थापायची. बाजारात प्लेट ६३०० लांबीची येते, त्यामुळे एक जोड तसाही येणारच. तो कुठे येईल हे आधी ठरवा, दोन्ही कडा व्ही आकारात तिरक्या कापून वेल्डनं भरा, नाहीतर तो जोड नेमका पायरीच्या आधाराखाली येऊन बसतो. आतली प्लेट आणखी उभी, ४७ अंश, लांबी ४१२०. दोन्ही मिळून लोखंड तीनशे किलोच्या वर. उद्यमबागेत, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, रोलिंगला पाठवताना सोबत नुसती चिठ्ठी, “आर १९००”, म्हणजे त्रिज्या १९००. अहो, ही प्लेट रोलरमध्ये सरळ सारली तर पिंपाचं कडं तयार होतं! ती २७ अंश तिरकी घालावी लागते. पट्टीवर खडूनं तिरक्या रेघा मारून द्यायच्या, त्या रोलरला समांतर ठेवत पुढे न्यायचं. पट्टी एका बाजूला सरकत जाते, म्हणून परत परत मधोमध आणून घालावी लागते. वेळ जातो, ऑपरेटर कुरकुरतो, पैसे जास्त मागतो. द्या ते पैसे.

रेलिंगचा पाइप म्हणजे तर कहर. प्लेटची त्रिज्या १९०० ती १९०० च राहते, पण पाइपची राहत नाही. पाइप चढत जाताना त्याची वाकण्याची त्रिज्या वाढते: जमिनीवरच्या त्रिज्येला चढाच्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गानं भागायचं. बाहेरचा पाइप २३८० वर रोल करायचा, आतला तर ९०० वर नव्हे, १९१३ वर! दुपटीहून जास्त. दहावीच्या गणितातला कोसाइन, कॅल्क्युलेटर खिशात, तरी कुणी करत नाही. ९०० वर वाकवलेला पाइप वर ओढला की तो आत शिरतो, मग गॅस लावा, हातोडा मारा, पाइप चपटा करा, आणि मालकाला सांगा की “हातानं केलेलं काम असंच दिसतंय.”

हे सगळं टाळायला लागतं काय? गच्चीवर एक खिळा, एक तार आणि खडू. सुतळी नको, ती ताणते. पूर्ण मापात दोन अर्धवर्तुळं काढा, १७ भाग पाडा, प्रत्येक पायरीच्या पुठ्ठ्याच्या फर्म्या कापा. अर्धा दिवस. पण नाही, थेट वेल्डिंग मशीन सुरू.

बरं, तयार झाला तरी आत न्यायचा कसा? बाहेरची बाजू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ३.८ मीटर, फुगा १.९ मीटर, उंची तीन मीटर. मुख्य दाराची चौकट बसवून पॉलिश करून झालेली असते. मग कापा दोन तुकड्यांत, आणि हॉलमध्ये ग्राइंडर चालवा. त्या ठिणग्या नव्या टाइलला आणि खिडकीच्या काचेला चिकटतात. पंधरा दिवसांनी तांबूस ठिपके दिसायला लागतात, ते निघत नाहीत.

वेल्डिंग करताना एका बाजूचे सगळे आधार ओळीनं भरत जाणारे महाभागही आहेत. प्लेट तापते, ओढली जाते, वरचं टोक भिंतीपासून बोटभर सुटतं. आधी सगळीकडे वेल्डचे नुसते टाके, ओळंबा लावून बघा, मग खाली एक, वर एक, मध्ये एक असं उड्या मारत भरा. आणि वरचं टोक बीममध्ये अँकर मारून धरा, प्लॅस्टरमागच्या विटेत नाही!

लाकडाचं ऐका. चाळीस मिलिमीटर जाडीच्या १७ पायऱ्यांना निव्वळ सात सीएफटी, म्हणजे घनफूट, सागवान लागतं. पाचरीचा आकार असल्यानं वाया बरंच जातं, नऊ तरी घ्या. दांडेलीचं सागवान आहे म्हणून सगळं माफ होत नाही. ऑगस्टमध्ये वखारीतून ओलं उचललं आणि लगेच ठोकलं, तर मार्चच्या कोरड्या वाऱ्यात सांधे उघडणारच. मॉइश्चर मीटर लावा, १२ टक्क्यांच्या आसपास असेल तरच रंधा मारा. बाहेरच्या कडेला पायरी नाकासकट, म्हणजे पुढे आलेल्या कडेसकट, ३८० रुंद होते, म्हणजे फळ्या जोडाव्याच लागतात. सागाला तेल असतं, चिकटवण्याआधी कडा थिनरनं पुसा. एवढी रुंद पायरी पावसाळ्यात आडवी तीन मिलिमीटर सहज फुगते. आणि आमचा सुतार तिला आठ स्क्रूंनी आवळून टाकतो! खालच्या लोखंडी पट्टीला लांबट भोकं पाडा, वॉशर घाला, एक स्क्रू घट्ट, बाकीचे सरकते. लाकूड आणि लोखंडामध्ये रबराची पट्टी, नाहीतर प्रत्येक पावलाला कर्र. स्क्रू स्टेनलेसचे, साधे लावले तर ओलाव्यात भोकाभोवती काळे डाग उतरतात.

पॉलिश वरून तीन हात, आरशासारखं. खालून? “खालचं कोण बघतंय?” खानापुराकडून येणारी जुलैची ओल बघते. ती खालूनच आत शिरते, आणि पायरी वाटीसारखी वर वळते.