टाळी वाजवली की थवा उडतो, फोटो नाही

थंडी पडली की तो मेसेज दरवर्षी फिरतो: 'नांदूरमधमेश्वरला (नाशिक जिल्ह्यातला पाणपक्ष्यांचा जलाशय) थव्याचा झकास फोटो हवाय? काठावर जा, जोरात टाळी वाजवा, नाहीतर पाण्यात दगड टाका. पक्षी उडतात आणि पुन्हा तिथेच बसतात. त्यांनाही व्यायाम!' या वेळी तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला, म्हणून हे लिहितोय.

आधी फोटोचंच बोलू, कारण मेसेज पाठवणाऱ्याला कळकळ फोटोचीच आहे. घाबरलेला पक्षी धोक्यापासून लांब पळतो. धोका तुम्ही, म्हणजे फ्रेममध्ये शेपट्या आणि पाठी. मी स्वतः सुरुवातीला टाळ्या वाजवल्या आहेत (हे कबूल केलेलं बरं) आणि त्या दिवसाचे सगळे फोटो बदकांच्या मागच्या बाजूचे निघाले. न घाबरवता उडालेली बदकं मात्र शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उठतात. त्यामुळे वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी घेऊन बसलात, तर थवा तुमच्याकडे तोंड करून, उजेडात उठण्याची शक्यता जास्त. उठण्याआधी खुणाही दिसतात: माना ताठ होतात, डोकी वर-खाली हलू लागतात, आवाज वाढतो. तेव्हा बोट शटरवर हवं. टाळीत अडकलेलं नको.

'व्यायाम' हा शब्द मला सगळ्यात खटकतो. तलवार बदक, थापट्या उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून येतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून. त्यांना व्यायाम आपण द्यायचा? बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर झोपतात. तुम्ही उडवता ती त्यांची झोप. जागेवरून उठायला विसाव्याच्या कित्येक पट ऊर्जा लागते, आणि मार्चमध्ये परतीच्या प्रवासाला निघण्याआधी तीच ऊर्जा चरबी म्हणून साठवायची असते.

'पुन्हा तिथेच बसतात'? एकदा, दोनदा बसतील. रविवारी सकाळी चापडगावच्या काठावर एकामागून एक गाड्या येतात, प्रत्येक गाडीतला एक जण टाळी वाजवतो, आणि दहाच्या सुमारास पक्षी जलाशयाच्या पार पलीकडे गेलेले असतात. मग गाइडदादांना विचारतात, 'आज पक्षी कमी का?'

यावर एक उलट प्रश्न हमखास येतो: दलदली हॅरियर (पाणथळीवर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी) रोज थवे उडवतो, तो चालतो का? चालतो. तो फेरी मारून पुढे जातो, पक्षी खाली उतरतात. माणूस मात्र काठावर उभाच राहतो. उलट हॅरियर पाणवनस्पतींवरून खाली-खाली येताना दिसला की कॅमेरा तयार ठेवा. थवा तो उठवेल, फोटो तुमचा.

कायद्याचं थोडक्यात. नांदूरमधमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणं बेकायदा आहे. पक्षीही त्यात आले. दगड सोडाच, ड्रोनही विनापरवाना उडवता येत नाही.

मेसेजच्या शेवटी '६०० मिमीची लेन्स आणि १/४००० सेकंद शटर असल्याशिवाय जाऊच नका' असंही आहे. एकट्या पक्ष्यासाठी लांब लेन्स हवी, हे खरं. पण शेकडो चक्रवाक एकदम उठतात तेव्हा ६०० मध्ये मावतात मोजकेच. ७०-२०० ची लेन्स घ्या, अ‍ॅपर्चर एफ/८ च्या आसपास ठेवा, शटर १/२००० पुरतं. खाली पाण्याची रेघ, मागे झाडं येऊ द्या. एकदा १/३० वर कॅमेरा थव्याबरोबर फिरवूनही बघा. दहातले नऊ फोटो फुकट जातील. दहावा तुम्ही ग्रुपवर टाकाल.