बोअर मारताय? शेजाऱ्यापेक्षा शंभर फूट खोल मारा

मार्च उजाडायच्या आतच तुमची मोटर हवा ओढायला लागली असेल, तर विहिरीवर बसून सुस्कारे टाकू नका. बोअरची गाडी बोलवा. त्याआधी फक्त एक काम करा. शेजाऱ्याचा बोअर किती फूट आहे ते काढा. त्यालाच विचारू नका, तो तीनशेचा दोनशे सांगेल, तुम्हीही तेच केलं असतंत. गाडीवरच्या पोराला चहा पाजा, तो खरा आकडा देईल. त्यात शंभर मिळवा. झाला तुमचा अभ्यास.

जागा दाखवायला पाणाड्या आणा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून चालेल आणि नारळ उभा राहिला की थांबेल. बहुधा तो बांधाजवळच उभा राहतो, शेजाऱ्याच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. यात नारळाचा काही दोष नाही. १९७२ पासून राज्यात भूजल सर्वेक्षणाचं सरकारी खातं आहे, पण तिथला भूवैज्ञानिक खडक बघतो आणि कधीकधी ‘इथे मारू नका’ म्हणतो. असल्या माणसाचा काय उपयोग?

गाडी रात्री येईल. राखाडी धुरळ्यात लिंबाचं झाड दिसेनासं होईल, घरातली म्हातारी पदर नाकाला लावून खाटेवर उठून बसेल. दीडशे फुटांपर्यंत कोरडी भुकटी. एकशे ऐंशीला ती ओली लागेल, तुम्ही चिमटीत धरून बघाल, आणि दोनशे दहाला फवारा उडेल. दीड इंच पाणी! गुलाल उधळा, पेढे सांगा. त्याच वेळी बांधापलीकडे बॅटरीचा उजेड हलताना दिसेल. तो शेजारी. त्याचं पाणी अचानक कमी का झालं, ते बघायला आलाय. त्यालाही पेढा द्या.

आता कुणी शहाणा म्हणेल की पाणी तर एकच आहे. असू द्या. रस्त्यावरच्या दिव्याखाली तुम्ही उभे राहिलात म्हणून शेजाऱ्याचा उजेड कमी होत नाही. जमिनीखालचं पाणी तसं नाही. ते घेण्यापासून कुणाला अडवता येत नाही, आणि एकाने उपसलं की दुसऱ्याला तेवढं कमी. अर्थशास्त्रात याला सामायिक संसाधन म्हणतात. आपल्याकडे ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी म्हणतात, आणि कायदाही आपल्याच बाजूचा आहे. १८८२चा ईझमेंट ॲक्ट, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा कायदा, सांगतो की जमीन ज्याची, खालचं पाणी उपसायचा हक्क त्याचा. २००९च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली आहे, म्हणजे साधारण दोनशे फूट. पण मीटर आणि फूट यांचा हिशोब रात्रीच्या धुरळ्यात कोण करतो? विजेचीही काळजी नको. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल २०२४ पासून सरकार भरतं. बटण चालू ठेवून निवांत झोपा.

राहिला खडक. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर बसलाय. पाणी धरून ठेवतो तो वरचा मुरूम आणि भेगाळलेला थर, खाली पुष्कळदा नुसता अखंड दगड. म्हणजे खोल जाऊन तुम्ही नवं पाणी शोधत नाही, शेजाऱ्याच्याच ताटातलं वाढून घेण्यासाठी लांब दांड्याची पळी आणता. पण पळी तरी आपली आहे ना?

ग्रामसभेत कुणी फार बोललंच, तर गॅरेट हार्डिन या अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञाचं नाव फेका. १९६८ मध्ये त्याने गायरानाचा दाखला देऊन लिहिलं की जो तो आपलं एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण संपतं. त्यातलं ‘जो तो’ एवढंच घ्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना मात्र वाचू नका. त्यांनी १९६५ मध्ये प्रबंधच लिहिला तो लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर. तिथेही सगळ्यांनी इतका उपसा केला की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं. मग उपसणारेच एकत्र बसले, कोण किती काढतं ते मोजलं, आपापला उपसा कमी केला आणि देखरेखीला माणूस नेमला. २००९ मध्ये बाईंना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेलवर काही ऊस उभा राहत नाही.

तरीही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची सहल जरूर काढा. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, आणि पावसाचं पाणी मोजून गावच ठरवतं की यंदा कोणती पिकं घ्यायची. हे घडवून आणणाऱ्या पोपटराव पवारांबरोबर फोटो काढा, ‘आपल्या गावातही असं व्हायला पाहिजे’ असं गाडीत बसता बसता दोनदा म्हणा. दुसऱ्यांदा म्हणताना मोबाइल वाजला तर उचला. बोअरवाला असतो.

आणि सगळ्यांचंच आटलं, तर? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलंच होतं की. आपल्याकडे रेल्वे नसली तरी टँकर येईल. पिंप रांगेत लावा, नळी आधी आपल्या पिंपात पडेल असं बघा. फक्त टँकर कुठून भरून आणला, ते ड्रायव्हरला विचारू नका. तो पलीकडच्या गावातल्या एका बोअरचं नाव सांगेल, आणि तो किती फूट आहे तेही सांगेल.