घरचा ब्रेड ‘परवडत नाही’ म्हणे

आज एकाने अगदी ठासून सांगितलं, घरी ब्रेड करणं हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, वेळ आणि वीज धरली तर उलट महागच पडतो. तेव्हापासून डोकं तापलंय.

लागतं काय ब्रेडला? अर्धा किलो पीठ, सव्वातीनशे मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि 5 ग्रॅम कोरडं यीस्ट. यातलं चैनीचं काय आहे? विकतच्या ब्रेडमध्ये पिठासोबत वेष्टनाचे, वाहतुकीचे, जाहिरातीचे, न खपलेल्या मालाचेही पैसे आपणच भरतो.

आणि वेळ? भावाची नोकरी गेली तेव्हा वहिनीने विकतचा ब्रेड बंद केला. रात्री पीठ सैलसर कालवायची, यीस्ट चिमूटभरच घालायची आणि झाकून झोपायला जायची. मळायचीसुद्धा नाही! दहा-बारा तासांत ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिनांचं जाळं, आपोआप धरतं. सकाळी आकार द्यायचा, फुगू द्यायचं, भाजायचं. हाताला काम जेमतेम वीस मिनिटांचं. ती झोपलेली असताना पीठ फुगतंय, तो वेळ तुम्ही कुणाच्या नावावर मांडता?

विजेचं मान्य. एकाच ब्रेडसाठी ओव्हन तापवला तर बचत घटते, आणि यासाठी नवा ओव्हन घेणार असाल तर ती विसराच. पण घरात आहे ना? मग एका वेळी दोन भाजा. वहिनी तेच करायची. एक खायला, दुसरा पूर्ण गार झाला की काप करून फ्रीजरमध्ये. (फ्रीजमध्ये नको. त्या थंडीत स्टार्च भराभर कडक होतो आणि ब्रेड बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर शिळा होतो.)

पण माझा खरा राग हिशोबाचा नाहीच. त्या दिवसांत नात्यातल्या एकीने वहिनीला चारचौघांत विचारलं होतं, “इतकी वेळ आली का तुमच्यावर?” वहिनी गप्प राहिली. मला ते वाक्य अजून टोचतं. गरजेपोटी केलं की केविलवाणं, आवडीने केलं की थेरं! माणसाने चार पैसे वाचवायचे तरी कसे? वर ती मशिनं, खास टोपल्या, खास सुऱ्या विकणारे. त्यांच्यामुळेच लोकांना हा श्रीमंतांचा खेळ वाटतो. वहिनीकडे झाकणाचं एक जाड पातेलं होतं. बस.

असो. दिवसभर राबून घरी येताना ब्रेड विकत आणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. थकलेल्या माणसाला कुणी उपदेश करू नये, मीही करणार नाही. पण ज्यांचा ओव्हन नुसता भांडी ठेवायला वापरला जातोय आणि महिनाअखेरीस ओढाताण होतेय, त्यांनी लोकांचं ऐकून थांबू नका. पहिला ब्रेड घट्ट होईल, तरी तो टोस्ट करून खाता येतो. प्रमाण वर दिलंच आहे. रात्रभर ठेवणार असाल तर यीस्ट पाव चमचाही पुरे. आणि पीठ चिकटलं म्हणून वरून आणखी पीठ घालू नका, हात ओले करा.