जर्मनीला बिऱ्हाड हलवताय? आधी पत्रपेटीवर आडनाव लावा

बडोद्यातल्या मराठी घरातून एखादं जोडपं मुलांना घेऊन जर्मनीला निघालं की महिनाभर चर्चा बॅगांचीच चालते. लिलो चेवडो किती घ्यायचा, भाखरवडी वेगळी बांधायची का, कुकर तीन लिटरचा की पाचचा. कागदांची फाइल शेवटच्या रात्री कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतं. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. चेवडा तिकडच्या भारतीय दुकानात मिळतो, थोडा महाग असतो इतकंच. पण पोराच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव चुकलं असेल तर ते तिथून दुरुस्त करणं म्हणजे सासऱ्यांना महानगरपालिकेच्या खेपा.

म्हणून पहिलं काम जन्मदाखल्याचं. जुना दाखला नीट वाचा. कधी बाळाचं नाव लागायच्या आधीच काढलेला असतो, म्हणजे नावाची जागाच कोरी. कधी फक्त गुजरातीत असतो. इंग्रजी मजकूर असलेला, नाव लागलेला नवा दाखला काढून घ्या. मग आईचं नाव पाहा. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. दाखल्यावर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, असं असेल तर जर्मन कारकुनाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. दुरुस्ती जन्म-मृत्यू नोंदणी शाखेत प्रतिज्ञापत्र देऊन होते, पण वेळ खाते. तेव्हा व्हिसाची तारीख मिळायच्या आधीच सुरू करा.

पासपोर्टचीही एक गंमत आहे. मुलाचं नाव ओजस, बापाचं निखिल, तर पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात ‘ओजस निखिल’ छापलेलं असतं. जर्मनीत वडिलांचं नाव मधे लावायची पद्धत नाही, त्यामुळे ते पोराचं दुसरं नाव समजतात. समजू देत. मात्र विमा, शाळा, बँक सगळीकडे पासपोर्टात आहे तस्संच लिहा. एका फॉर्मवर ‘निखिल’ लिहिलं, दुसऱ्यावर गाळलं, की पुढे पत्रव्यवहार सुरू.

अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून मारायचा शिक्का मारून देतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे देण्याआधी थांबा. हा शिक्का मानणाऱ्या देशांच्या करारात भारत आहे, पण भारताच्या प्रवेशावर जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे आपला अपोस्टिल तिथे उपयोगाचा नाही. वकिलातीच्या यादीत जे मागितलंय तेवढंच करा.

लसींचं कार्ड तर निघण्याच्या दोन महिने आधीच हातात घ्या. 1 मार्च 2020 पासून जर्मनीत गोवराच्या लसीचा कायदा लागू आहे. मूल एक वर्षाचं झालं की किमान एक डोस आणि दोन वर्षांचं झालं की दोन डोस झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय पाळणाघर दारात घेत नाही. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि नंतर 16 ते 24 महिन्यांत देतात, त्यामुळे दोन डोस बहुतेकांचे झालेले असतात. अडतं ते ममता कार्डावर, म्हणजे गुजरातेत लसींच्या नोंदीसाठी मिळणाऱ्या कार्डावर. तिथे गुजरातीत घाईघाईने लिहिलेली तारीख, शेजारी कंपनीचा स्टिकर. आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या: कोणत्या रोगाची लस, कितवा डोस, दिवस-महिना-वर्ष, सही, शिक्का. ‘एमआर’ (गोवर-रुबेला) असेल तर गालगुंडाची लस त्यात नसते, ती तिकडचे डॉक्टर सुचवतील. दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहून कोणी विचारलं तर सरळ सांगा. जर्मनीत 1998 पासून ती लस शिफारशीत नाही आणि बीसीजीमुळे क्षयाची त्वचा-चाचणी उगाच सकारात्मक येऊ शकते.

आता घर. तिथे घर म्हणजे आधी एक कागद. घरमालकाने सही केलेला ‘हे माझ्या घरात राहायला आले’ असा फॉर्म मिळतो. तो घेऊन राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. सगळं या नोंदणीला लटकलेलं असतं. नोंदणी झाली की कर-क्रमांक पोस्टाने येतो. तो नाही तर पगारातून सहाव्या वर्गाने कर कापतात, म्हणजे सर्वांत जास्त. मुलांचा कर-क्रमांक नाही तर बालभत्त्याचा अर्जही अडतो. म्हणून पहिले दोन महिने फर्निचरसकट तात्पुरतं घर घेणार असाल तर भाडं विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर नोंदणी करून द्याल का? नाही म्हणाले तर पुढचं बोलू नका.

आणि पत्रपेटी! दांडिया बाजारातल्या वाड्यात नुसतं आडनाव टाकलं तरी पत्र पोचतं, कारण टपालवाला सगळ्यांना ओळखतो. जर्मन इमारतीत फ्लॅटला बहुधा नंबरच नसतो. टपालवाला पेटीवरचं आडनाव वाचतो. नाव नाही तर पाकीट परत. कर-क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, सगळं परत. तेव्हा चावी मिळाली त्याच दिवशी पासपोर्टातल्याच स्पेलिंगने चिठ्ठी चिकटवा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. पक्की पाटी मालक नंतर लावेल.

बालभत्ता 2026 पासून दर मुलामागे दरमहा 259 युरो आहे. अर्ज उशिरा केला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात, बाकीचे बुडाले. पेटीत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येईल, घरामागे महिना 18.36 युरो. टीव्ही नाही म्हणून ते रद्दीत टाकू नका, द्यावीच लागते.

विम्याबद्दल मात्र ठाम बोलतो. चांगल्या पगारावर गेलेल्या एकट्या माणसाला खासगी आरोग्यविमा स्वस्त दिसतो आणि दलाल तोच पुढे करतात. पाठोपाठ बायको-मुलं येणार असतील तर त्या वाटेला जाऊ नका. सरकारी पद्धतीच्या विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. खासगीत प्रत्येक डोक्यामागे वेगळा हप्ता. एकदा खासगीत गेलं की परत यायची वाट अरुंद. शिवाय सरकारी विम्यात मूल आजारी पडलं की आई आणि बाप दोघांनाही, 2024 पासून, प्रत्येक मुलामागे वर्षाला 15 दिवस भरपाईची रजा मिळते. पहिल्या हिवाळ्यात हे दिवस लागतात. पाळणाघरातलं नवं पोर दर दोन-तीन आठवड्यांनी नाक वाहतं घेऊन घरी येतं.

पाळणाघराला तिथे कीटा म्हणतात. ऑगस्ट 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क असला तरी जागा पुरत नाहीत. पाच-सहा ठिकाणी नाव नोंदवा आणि महिन्यातून एकदा ईमेल करत राहा. जागा मिळाली की लगेच नोकरीची तारीख देऊ नका. मूल रुळवण्याचा काळ असतो, त्याला आइनगेव्योनुंग म्हणतात. बऱ्याच ठिकाणी चालते ती बर्लिन पद्धत अशी: पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर खोलीत तासभर बसतो, मग दोघं घरी. बसायचं म्हणजे कोपऱ्यात. मुलाला खेळवायचं नाही, ‘जा जा, ताईकडे जा’ असं ढकलायचं नाही. चौथ्या दिवशी पहिली ताटातूट, फार तर अर्धा तास. आणि तो सोमवार असेल तर मंगळवारी, कारण शनिवार-रविवार घरी काढून पोर पुन्हा चिकटलेलं असतं. शिक्षिकेच्या कुशीत ते शांत झालं तर वेळ वाढवत नेतात. नाही झालं तर ताटातूट पुढे ढकलतात. काहींचं आठवड्यात आटोपतं, काहींना तीन-चार आठवडे लागतात.

आपली सवय आड येते ती इथेच. बालवाडीच्या दारात रडतं पोर बाईंच्या हातात द्यायचं, नाहीतर ते खेळण्यात रमलं की डोळा चुकवून सटकायचं. तिथे हे चालत नाही आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे. डोळा चुकवलेलं पोर दुसऱ्या दिवशी खेळत नाही, दाराकडे बघत बसतं. ‘मी जाते, फळं खाऊन झाली की येते’ एवढं सांगायचं, हात हलवायचा आणि खरंच जायचं. म्हणून दोघांपैकी एकाने पहिले तीन महिने नोकरी शोधूच नये असं मी म्हणेन. ते आईनेच करायला हवं असं नाही.

कीटात सामान लागतं ते आत घालायचे बूट, दोन जोड कपडे, रबरी बूट आणि मात्शहोज़, म्हणजे चिखलात लोळायची रबरी पँट. पाऊस असला तरी मुलांना बाहेर काढतात. कपड्यांचं माप म्हणजे मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये: 98, 104, 110. बाहेरचे कपडे एक माप मोठे घ्या म्हणजे आत स्वेटर मावतो. मंगळ बाजारातली जाड जाकिटं इथूनच नेऊ नका. उबदार असतात पण पाणी पितात.

स्वयंपाकघराबद्दल कोणी सांगत नाही ते सांगतो. रिकामं घर घेतलं तर ओटाही नसतो, दिवेही नसतात, छतातून नुसत्या वायरी लोंबतात. जाहिरातीत ‘ईबीके’ अशी अक्षरं असली तर ओटा, शेगडी, सिंक जागेवर आहे. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. मिक्सर चालतो, वीज 230 व्होल्टच आहे. फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग बसत नाही, अर्थिंग असलेला अडॅप्टर घ्या. शेगडी इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमचा कुकर फुकट गेला. स्टीलचा, इंडक्शन बुडाचा न्या, सोबत दोन गास्केट आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. तूप, पेढे, पनीर नेऊ नका. युरोपबाहेरून प्रवाशाने दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कढीपत्ता, आंबे, विड्याची पानंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत.

खरी फसगत होते ती बुरशीने. आपल्या घरांच्या खिडक्या, झरोके हवा खेळती ठेवतात. तिकडची घरं डब्यासारखी बंद. त्यात वरणाची वाफ, भाताची वाफ, खोलीतच वाळत घातलेले कपडे, चौघांचे श्वास. हे सगळं पाणी सर्वांत थंड जागेवर जाऊन बसतं, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा कोपरा आणि कपाटामागची जागा. डिसेंबरात काळे ठिपके दिसतात आणि घर सोडताना अनामतीतून पैसे कापण्याचं ते निमित्त होतं. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं हा उपाय नाही. त्याने हवा फारशी बदलत नाही, फक्त खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि तिथेच बुरशी धरते. हीटर बंद करा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, पाच ते दहा मिनिटं, मग बंद. दिवसातून तीन वेळा, आणि स्वयंपाक-आंघोळीनंतर वेगळं. दहा-पंधरा युरोचं आर्द्रतामापक घ्या आणि काटा 60 टक्क्यांच्या खाली ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान पाच सेंटिमीटर सरकवा. बिनवापराची खोलीही 16 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

शाळेचा नियम अनेकांना जाचक वाटतो: सत्र चालू असताना नवरात्राला किंवा गणपतीला म्हणून मुलाला आठवडाभर घेऊन जाता येत नाही, दंड होतो. बडोदेकरांनी तरी यावर नाक मुरडू नये. महाराजा सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होताच. मूल नऊ-दहा वर्षांचं असेल तर मात्र वेळ दवडू नका. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर, मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. तोवर भाषा यायला हवी, म्हणून सहा महिने उशिरा जाऊ असं म्हणणं महागात पडतं.

भाषेवर माझं मत वेगळं आहे आणि काहींना पटणार नाही. घरात मोडकं जर्मन बोलू नका. इंग्रजीही कोंबू नका. बडोद्याच्या मराठी माणसाला हे समजवायला लागू नये. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत आणखी तिसरी, हे इथे पिढ्यान् पिढ्या चाललंय. पोर जर्मन कीटात शिकेल. आधी काही महिने ते तिथे गप्प बसेल. घरी बडबडत असेल तर घाबरू नका. जाण्याआधी पाचच शब्द द्या: पीपी (शू), वासर (पाणी), हिल्फे (मदत), श्टॉप (थांब) आणि दुखलं की आउआ.

आजीशी फोनची वेळ कीटाहून आल्यावरची धरा. हिवाळ्यात बडोदा साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे तिकडे चार वाजले की इथे हिवाळ्यात साडेआठ, आजीचं जेवण झालेलं; उन्हाळ्यात साडेसात, आजी देवापाशी. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, ते तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा.