काजूत व्हिएतनाम पुढे गेला, मग पुढे काय?

सध्या एक आलेख सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. काजूगराची निर्यात, भारत आणि व्हिएतनाम. त्यांची रेघ चढतच गेलेली. आपली 2011-12 च्या सुमारास सव्वा लाख टनांच्या वर जाऊन तिथून उतरणीला लागलेली. खाली ठरलेलं रडगाणं: ते बघा कुठे पोचले, आणि आपण बसलोय इथेच.

आकडे खोटे नाहीत. 2006 च्या आसपास व्हिएतनामने आपल्याला मागे टाकलं. 2024 मध्ये त्यांनी सात लाख टनांहून जास्त गर बाहेर पाठवला, आणि आपण आता लाखाच्याही आत आहोत. गंमत म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला हाच देश स्वतःची कच्ची बी फोडायला भारतात पाठवत होता. तेव्हा जगाचा काजू केरळातल्या कोल्लममध्ये सोलला जायचा.

पण त्यांच्या कारखान्यांत फुटणारी बहुतेक बी त्यांच्या मातीतली नाहीच. ती आफ्रिकेतून आणि शेजारच्या कंबोडियातून येते, सोलून युरोप-अमेरिकेला जाते. सात लाख टनांतला व्हिएतनामचा स्वतःचा वाटा म्हणजे मुख्यतः सोलाई. (आपणही आफ्रिकेचीच बी आणतो, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही.)

आणि आपला गर गेला कुठे? आपल्याच पोटात. जगात सगळ्यात जास्त काजू आपण खातो. दिवाळीच्या तोंडावर मिठाईवाला रोख मोजून पाकळी आणि तुकडासुद्धा उचलत असेल, तर कंटेनर भरायच्या भानगडीत कोण पडेल? निर्यात घटली म्हणजे धंदा बुडाला, हे गणित इथे लागू होत नाही.

तरीही व्हिएतनामकडून घेण्यासारखं आहेच. त्यांनी सोलायची यंत्रं स्वतःच बनवली आणि सुधारत नेली. आमच्याकडे सिंधुदुर्गात आजही कितीतरी छोट्या युनिटांत बाई पायाने दांडा दाबून एकेक बी कापते, सुईसारख्या टोकाने गर बाहेर काढते. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हाताला राख नाहीतर गोडं तेल चोपडायचं. दिवसभर हे केल्यावर मजुरी मिळते ती किलोवर, त्यातही अख्खा गर किती निघाला त्यावर. या कामाला नव्या मुली येत नाहीत, आणि त्यांनी यावं असं मला वाटतही नाही.

माझा खरा राग वेगळाच आहे. देशात एवढी मागणी, मग बागायतदाराच्या बीला दर का नाही? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने एवढ्या चांगल्या जाती दिल्या, लोकांनी डोंगर उतारावर कलमं लावली. पण मार्च-एप्रिलमध्ये बी घरात यायला आणि आफ्रिकेची बी बंदरात लागायला एकच गाठ पडते. मग व्यापारी ऐटीत सांगतो, बाहेरची स्वस्त पडते. आयात शुल्क 2018 मध्ये 5 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आलं तेव्हा कारखानदार खूश झाले, कारण नुसत्या स्थानिक बीवर त्यांचं वर्ष निघत नाही. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि सरकार आलटून पालटून दोघांनाही आश्वासन देतं.

मला विचाराल तर आपल्या हंगामाचे तीन महिने शुल्क वाढवा, बाकी वर्षभर हवी तेवढी बी येऊ दे. कारखानदार मित्र यावर चिडणार हे माहीत आहे. त्यांनी खाली लिहावंच, फक्त तो आलेख परत चिकटवू नये.